तीन स्लॉट धरायचे आणि दोन सोडून द्यायचे, चालतं का हे?

पत्र: ताई, मला तूच म्हणा, मी वयाने लहान आहे. आमच्या घरी आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. आठवड्याचं सगळं सामान मी सुपरमार्केटच्या ॲपवरून मागवते. सामान घरी यायच्या ठरलेल्या वेळा, म्हणजे स्लॉट, दोन-तीन आठवडे आधी उघडतात, मग रात्री मुलं झोपली की मी बसते आणि शनिवार सकाळ, रविवार सकाळ, गुरुवार संध्याकाळ असे तीन धरून ठेवते. एक माझ्या अकाउंटवर, एक नवऱ्याच्या, एक सासूबाईंच्या. कमीत कमी जेवढी ऑर्डर लागते तेवढं काहीतरी टोपलीत टाकते, आणि दिवस जवळ आला की जो सोयीचा तो ठेवून बाकीचे कॅन्सल करते. कॅन्सलचे पैसे लागत नाहीत. परवा बोलता बोलता नणंदेला हे सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "तुझ्यासारख्यांमुळेच मला शनिवार मिळत नाही." तिच्या पायाचं ऑपरेशन झालंय, तिला बाहेर पडता येत नाही, हे खरंय. पण मी कुठलाच नियम मोडला नाही ना? मला खूप लागलं ते. शिवाय शेजारच्या काकू दर वेळी माझ्याच ऑर्डरमध्ये त्यांचं सामान घालायला सांगतात, तेही शेवटच्या घटकेला. मला नाही म्हणता येत नाही. काय करू?

अगं, आधी तुझ्या मनावरचं ओझं थोडं कमी करते, कारण तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात. लवकर बुक करणं ही चूक नाही. अजिबात नाही. घरात पाच माणसं, त्यात एक वयस्कर, नोकरीच्या वेळा सांभाळायच्या, अशा बाईने आठवड्याचं आधी ठरवून ठेवलं तर त्यात कुणाचं काय जातं, उलट दुकानाचं कामच सोपं होतं, किती माणसं कामावर बोलवायची, किती गाड्या काढायच्या हे त्यांना आधी कळतं. तेव्हा नणंद जर "इतक्या आधी का बुक करतेस" म्हणून रागावली असती तर मी तुझ्या बाजूने बोलले असते. पण ती तीनबद्दल बोलतेय, आणि तिथे तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. एक स्लॉट वापरायचा आणि दोन नुसते अडवून ठेवायचे हे बसच्या तीन सीटवर रुमाल टाकून एकीवर बसण्यासारखं आहे, आणि उभं कोण आहे ते आपल्याला दिसत नाही एवढाच फरक.

आता तू म्हणशील की मी कॅन्सल करते ना, मग जागा परत मोकळी होते. होते, पण कधी होते ते बघ. बहुतेक दुकानांत बदल करायला किंवा कॅन्सल करायला एक ठरलेली वेळ असते, कुठे आदल्या दिवशीची संध्याकाळ, कुठे रात्री उशिरा, कुठे डिलिव्हरीच्या काही तास आधी. तू त्या वेळेच्या आत कॅन्सल करतेस म्हणून तुला पैसे लागत नाहीत, हे ठीक. पण ज्या माणसाला शनिवारच हवा होता तो सोमवारी बघून गेला, मंगळवारी बघून गेला, दोन्ही वेळा राखाडी रंगात "फुल" दिसलं आणि त्याने कुणाच्या तरी हातापाया पडून सामान आणवलं किंवा आठवडा कसातरी काढला. शुक्रवारी रात्री अकराला तू सोडलेली जागा ॲपवर येते खरी, पण तेव्हा बघतंय कोण? म्हणजे कागदावर ती जागा परत मिळाली आणि प्रत्यक्षात वायाच गेली. नियम मोडला नाहीस, मान्य, पण फुकट कॅन्सल करायची सोय ज्याचे बेत खरोखर बदलतात त्याच्यासाठी असते, घरात कुणी आजारी पडलं, अचानक गावाला जावं लागलं, त्यासाठी. तू बुक करतानाच ठरवतेस की यातले दोन कॅन्सल करायचेत, तिथे गडबड आहे.

आणि एक स्लॉट म्हणजे नक्की काय हे कुणी आपल्याला सांगत नाही म्हणून असं होतं, ॲपवर ते नुसतं एक चौकोनी बटण दिसतं. त्या बटणामागे एक गाडी असते, ड्रायव्हरचे कामाचे तास असतात आणि दुकानात किंवा गोडाऊनमध्ये सामान गोळा करणारी माणसं असतात, जी पहाटेपासून ट्रॉली ढकलत फिरतात. त्या ट्रॉलीवर एकाच वेळी पाच-सहा घरांचे क्रेट लावलेले असतात, हातातल्या मशीनवर "पुढची वस्तू इथे" असं येतं, ती उचलायची, स्कॅन करायची, बरोबर क्रेटमध्ये टाकायची, की पुढची. सुकं वेगळं, थंड वेगळं, गोठवलेलं वेगळं. मग गाडी भरतानाही क्रम असतो, जे घर शेवटी त्याचे क्रेट आधी आत जातात, म्हणजे पहिल्या घराचे दाराशी राहतात. कुठल्या घरी आधी, कुठल्या नंतर, हा रस्ता कॉम्प्युटर आखतो, आणि हे गणित सोपं नाही बरं. १९५९ साली जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर या दोघांनी पेट्रोलच्या ट्रकांनी कुठून कसं जावं म्हणजे कमीत कमी फिरावं लागेल यावर एक पेपर लिहिला, तेव्हापासून गणितवाले या प्रश्नावर काम करतायत, आणि त्यात प्रत्येक घराची "अमुक ते अमुक वाजताच या" अशी वेळ घातली की ते आणखीनच किचकट होतं. तुझा पत्ता शनिवार सकाळी नऊ ते दहामध्ये बसला की गाडीला त्या तासात तुझ्या भागात यावंच लागतं, मग दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कुणाला तरी तोच तास "फुल" दिसतो. तू एक जागा धरतेस असं तुला वाटतं, पण त्या जागेभोवती अख्ख्या गाडीचा रस्ता ठरतो.

हा तास-तासाचा हिशोब किती महाग पडतो याचं एक खरं उदाहरण आहे. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची कंपनी होती, १९९९ मध्ये तिने घरपोच किराणा द्यायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासाची वेळ द्यायची, त्या अर्ध्या तासात सामान दारात. लोकांना खूप आवडलं, पण मोठमोठी गोडाऊनं, गाड्या, माणसं या सगळ्याचा खर्च ऑर्डरींमधून निघेना आणि २००१ च्या जुलैत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारणं बरीच होती, ती झपाट्याने पसरली हेही त्यातलंच, पण दारात ठरल्या वेळी येणारी गाडी ही स्वस्तातली गोष्ट नाही हे तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणूनच आता दुकानं स्लॉट मोजून देतात.

तुला ही तीन धरायची सवय कुठून लागली असेल तेही मला समजतं, तू लिहिलं नाहीस पण माझा अंदाज कोविडच्या २०२० चा आहे. त्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर लोक रात्री-अपरात्री ॲप उघडून बसत होते आणि कुठेच काही मिळत नव्हतं. ब्रिटनमध्ये ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीला आपली वेबसाइट आणि ॲप काही दिवस बंद ठेवावं लागलं, टेस्को या सुपरमार्केटने काही आठवड्यांत ऑनलाइन स्लॉट दुप्पट केले तरी पुरेनात, सेन्सबरीज या दुसऱ्या सुपरमार्केटने सत्तरीच्या पुढच्या आणि अपंग ग्राहकांना आधी स्लॉट द्यायचं ठरवलं, अमेरिकेत ॲमेझॉनने किराण्याच्या नव्या ग्राहकांना सरळ वेटिंग लिस्टवर टाकलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं होती त्यांच्या मनात ती भीती बसली, आणि ती नुसती "आता सगळं नॉर्मल झालंय" म्हटल्याने जात नाही. मी त्याबद्दल तुला बोलणार नाही. पण त्याच दिवसांत दुकानांनी जे केलं ते बघ ना, जागा कमी पडल्यावर आधी कुणाला द्यायची तर ज्याला बाहेर पडता येत नाही त्याला.

आणि ही काही तेव्हाच सुचलेली गोष्ट नाही. घरबसल्या स्क्रीनवरून किराणा मागवायची सुरुवातच तिथून झाली. १९८४ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गेट्सहेडमध्ये जेन स्नोबॉल नावाच्या ७२ वर्षांच्या आजींनी टीव्हीच्या रिमोटवरून मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली, तिथल्या कौन्सिलने वयस्कर आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी ती योजना काढली होती, आणि इंग्रज संशोधक मायकेल ऑल्ड्रिच यांनी बनवलेली सिस्टिम त्यामागे होती. म्हणजे तुझी नणंद आज ज्या अवस्थेत आहे ना, तशांसाठीच हे सगळं आधी उभं राहिलं, आपण बाकीचे नंतर आलो. आपण वापरू नये असं मी म्हणत नाहीये, तुझीही धावपळ खरीच आहे. पण जागा अपुऱ्या असतील तेव्हा कुणाला दुसरा पर्याय आहे आणि कुणाला नाही हे बघावं एवढंच.

मग करायचं काय. एक स्लॉट धर, आणि तोच धर. तुझं घर बघता मला वाटतं तुझा आठवडा तसा ठरलेला असेल, मुलांच्या शाळा, नवऱ्याच्या वेळा, मग एक वार कायमचा पक्का करून टाक. काही दुकानांत दर आठवड्याला तोच वार तीच वेळ राखून ठेवायची सोय असते, तुमच्याकडे असेल तर तेच घे, रात्री जागायचंही काम नाही. दोन वारांमध्ये खरंच ठरत नसेल, नवऱ्याची ड्युटी अजून कळायचीय वगैरे, तर दोन धर, माझी हरकत नाही, पण ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी दुसरा सोड, आणि नाहीच कळलं तर निदान तीन-चार दिवस आधी काहीतरी एक ठरवून मोकळी हो. मोबाइलवर आठवण लावून ठेव. तीन-चार दिवस आधी सुटलेली जागा कुणाला तरी नक्की उपयोगी पडते, आदल्या रात्रीची पडत नाही, सगळा फरक तेवढ्यातच आहे.

सणासुदीच्या आधीच्या आठवड्यात मात्र दोनसुद्धा नकोत, तेव्हा सगळ्यांनाच एकाच दोन दिवसांत हवं असतं. तेव्हा लवकर बस, एक धर, आणि त्याच्याशी जुळवून घे. आणि गुरुवारी दुपारी घरात कुणी असेल, सासूबाई असतीलच, तर शनिवार सकाळचा हट्ट सोडून बघ. आठवडाभर दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारशिवाय काही चालतच नाही, तुला चालेल. काही ॲपवर "या वेळेला गाडी तुमच्या भागात येणारच आहे" अशी खूण असते, छोटी गाडी किंवा हिरवं पान, ती असली की तोच स्लॉट घे, गाडीचा फेरा वाचतो आणि कधी कधी डिलिव्हरी चार्जही कमी लागतो.

टोपलीत काहीतरी टाकून जागा धरायची, यात मला गैर वाटत नाही, दोन आठवडे आधी कुणाला माहिती असतं घरात काय संपणार आहे. पण ते काहीतरी असं टाक जे आलं तरी वापरलं जाईल, तेल, साबण, डिटर्जंट. बदल करायची वेळ चुकली ना, की तेच दारात येतं, आणि मग नको असलेल्या चार महागड्या बाटल्या परत करायची धडपड. खरी यादी एक दिवस आधी भरून टाक, शेवटच्या दहा मिनिटांवर ठेवू नकोस. एखादी वस्तू संपली असेल तर बदली वस्तू चालेल की नाही तेही तेव्हाच टिक कर, ते कोरं ठेवलं की सामान गोळा करणाऱ्याला अंदाजाने काहीतरी उचलावं लागतं आणि मग आपण चिडतो.

आता सासूबाईंचं अकाउंट. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तू एका ओळीत उरकलंयस तरी. त्यांच्या वयामुळे किंवा तब्येतीमुळे दुकानाने त्यांना काही प्राधान्य दिलं असेल, स्लॉट आधी उघडत असतील, तर त्या अकाउंटवरून तुझ्या घरच्या आठवड्याच्या सामानासाठी जागा अडवू नकोस. त्यांचं सामान त्यातून येत असेल, औषधपाणी, पथ्याचं, तर जरूर वापर, घरचं थोडं सोबत आलं तरी कुणी काही म्हणणार नाही. पण नुसता तिसरा रुमाल टाकायला ते वापरणं नको, ती सोय मोजक्याच लोकांसाठी ठेवलेली असते आणि ती जागा अडली की पलीकडे अडलेला माणूसही त्यांच्यासारखाच कुणीतरी असतो. आणि एकदा सासूबाईंना विचार, त्यांना माहिती तरी आहे का त्यांच्या नावावर दर आठवड्याला ऑर्डर पडते आणि कॅन्सल होते ते. त्यांचं अकाउंट आहे, त्यांना विचारून वापरलेलं बरं.

नणंदेचं बोलणं तुला लागलं, साहजिक आहे, "तुझ्यासारख्यांमुळे" हा शब्द तिने टाळायला हवा होता. पण ती पाय वर करून घरात बसलीय, दर आठवड्याला ॲप उघडून बघतेय, आणि समोरून वहिनी सहज सांगते की मी तीन धरते नि दोन सोडते. तिच्या जागी तुला काय वाटलं असतं? तू फोन कर तिला. फार काही बोलायची गरज नाही, "मी विचार केला, तुझं बरोबर होतं, हा शनिवार मी सोडतेय, तू ॲप उघडून बस" एवढं म्हण. एका अकाउंटचा स्लॉट दुसऱ्याला थेट देता येत नाही सहसा, त्यामुळे फोन चालू ठेवूनच कॅन्सल कर आणि तिला बघायला सांग, जागा परत दिसायला काही वेळ लागतो आणि तिचा पत्ता वेगळ्या भागात किंवा वेगळ्या दुकानाच्या हद्दीत असेल तर दिसणारच नाही, हेही तिला आधीच सांगून ठेव म्हणजे आशेवर राहायला नको. नाही जमलं तर तिचा पाय बरा होईपर्यंत तिचं सामान तुझ्या ऑर्डरमध्ये घाल आणि कुणाच्या तरी हाती पोचव, किंवा तिच्या अकाउंटवर तिच्यासाठी पुढच्या महिन्याचे स्लॉट आत्ताच धरून दे. तू रात्री बसतेसच, आणि तुला त्यातलं सगळं कळतं.

काकूंचं मात्र मला वेगळं वाटतं. एकाच गाडीत, एकाच फेरीत दोन घरांचं सामान येतं हे चांगलंच आहे, एक स्लॉट वाचतो, ते बंद करू नकोस. त्रास सामानाचा नाही, शेवटच्या घटकेचा आहे. त्यांना सरळ सांग, "काकू, तुमची यादी मला ऑर्डर बंद व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्या, त्यानंतर आली तर पुढच्या आठवड्यात." आणि खरोखर पुढच्या आठवड्यातच घाल, एकदा असं केलंस की त्यांना वेळेत यादी द्यायची सवय लागेल. एखादी वस्तू नसेल तर बदली चालेल का तेही तेव्हाच विचारून घे. पैसे सामान आलं की त्याच दिवशी, बिलाचा स्क्रीनशॉट पाठव आणि त्यांच्या ओळींवर खूण कर, म्हणजे नंतर तुलाच मागायला अवघड वाटणार नाही. त्यांचं गोठवलेलं काही असेल तर त्या वेळेला त्यांनी घरी असायला हवं, तुझा फ्रीज काही दोन घरांचा नाही. आणि दुकानाने एखाद्या वस्तूवर मर्यादा लावली असेल, एका ऑर्डरला दोनच वगैरे, तर ती दोघींत मिळूनच आहे हे त्यांना सांग.

गाडी येते तेव्हाचंही थोडं सांगते, तू विचारलं नाहीस, पण स्लॉट घेतला की ते त्यातच येतं. त्या तासात घरी कुणीतरी असू दे आणि फोन सायलेंटवर नको. पत्त्यात मजला, लिफ्ट चालू आहे की बंद, गेटचा कोड, गाडी कुठे उभी राहते हे एकदाच नीट लिहून ठेव. ड्रायव्हरला एका घराला फार थोडी मिनिटं असतात, त्यात तो चार क्रेट घेऊन वर येणार आणि तू तिथेच एकेक वस्तू बिलाशी ताडून बघत बसलीस तर पुढची सगळी घरं उशिरा. क्रेट पटकन रिकामे कर, बदली आलेल्या वस्तू तेवढ्या बघ, नको त्या त्याला तिथेच परत दे जर तुमच्या दुकानात तशी पद्धत असेल, बाकीची तक्रार नंतर ॲपवर. एखादी वस्तू आली नाही म्हणून त्याला बोलू नकोस, सामान गोळा करणारा माणूस वेगळा होता. आणि घरी कुणी नसल्यामुळे ऑर्डर परत गेली तर थंड माल पुन्हा शेल्फवर जाईलच असं नाही, बऱ्याचदा तो फेकला जातो, म्हणून जमणार नाही असं दिसलं की कॅन्सलची वेळ गेलेली असली तरी दुकानाला फोन करून कळव. पैसे परत मिळोत न मिळोत, गाडी निघायच्या आधी कळलं तर निदान तो फेरा तरी वाचतो.

आज रात्री बसशील तेव्हा आधी रविवार आणि गुरुवार सोड, आणि शनिवार सोडायचा तो नणंदेला फोन लावून. मग तुझ्यासाठी गुरुवारच परत घ्यावासा वाटला तर घे, पण या वेळी तुझ्या अकाउंटवर.